लिंबावरचा सोंड्या

४ जून
ती. दादास, सा. न.
तुझ्या खात्याचा हुकूम पोचला. म्हणे सोंड्या किडा फक्त लिंबावर जगतो, तेव्हा बेटावरची लिंबाची सगळी झाडं तोडा. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय जुनीच. इथं माझ्या रोपवाटिकेत त्याच्या अळ्या रताळं पोखरतात, पपईची मुळंही खातात. आपल्या काकूची साठ झाडं आहेत, तिचं पोट त्यांवरच. आई गेल्यावर तिनंच आपल्याला वाढवलं, एवढं तरी आठव. हुकूम थांबव.
उत्तराची वाट पाहणारी,
ठमी

१५ जून
चि. ठमीस, अ. उ. आ.
पत्र वाचून कचेरीत सगळ्यांची करमणूक झाली. मी एकवीस वर्षं किडे तपासतोय, तू कुंड्यांत माती भरतेस. रताळ्यातली अळी भलतीच कुठली तरी असणार. डोळे तपासून घे. काकूला सांग, रडून कीड मरत नाही.
आशीर्वाद आहेतच.
दादा

९ ऑगस्ट
ती. दादास, रीत म्हणून सा. न.
साठही झाडं गेली. शेवटच्या झाडाला काकू मिठी मारून बसली होती, तुझ्या माणसांनी तिला उचलून बाजूला ठेवलं. आता सोंडे तिच्या रताळ्याच्या वेलांवर मजेत आहेत. गेल्या वर्षी रताळ्यातल्या अळ्या मी बरणीत मातीसकट ठेवल्या होत्या. परवा त्यांतून सोंडे निघाले. पाठीवर लिंबावरच्या सोंड्यासारखेच पांढरे पट्टे. माझे डोळे ठीक आहेत.
ठमी

२० ऑगस्ट
चि. ठमीस, अ. आ.
असं एखादे वेळी होतं. बरणी माझ्याकडे पाठव, सुधारित अहवाल मी माझ्या सहीनं देतो. घरातलं घरात राहील. तोवर कुणाकडे बोलू नकोस. काकूला नमस्कार सांग.
तुझं भलं चिंतणारा,
दादा

२ सप्टेंबर
ती. दादास,
बरणी येणार नाही. ती घेऊन काकू आणि मी लाँचनं थेट तुझ्या वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि तुझा अहवाल मागवला. तू रताळ्याचा एक वेलसुद्धा उपटून पाहिला नव्हतास, हे त्यांना तिथंच कळलं. हुकूम रद्द झाला. उरलेल्या बागा वाचल्या. काकूची तेवढी गेली.
निघताना साहेबांनी विचारलं, की आडनाव एकच दिसतंय, हे अधिकारी तुमचे कोण लागतात. मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाली, की आमचे कोणी नाहीत.
ठमी