वरची रेघ

४ फेब्रुवारी

सूनबाईचं यंत्र आलं! खोक्यातून निघालं तेव्हा मला वाटलं, शिवणयंत्राचा नुसता सांगाडाच पाठवला की काय. मागच्या खोलीत टेबलावर मांडलंय. नाव सीएनसी. मी म्हणते सुतारपक्षी — कारण मधोमध फिरती चोच आहे आणि ती लाकूड कोरते. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, मग ते आपलं आपण कापतं.

"पण त्याला कळतं कसं, कुठवर कापायचं?"

"आई, मीही आत्ताच शिकतेय. तुमचे प्रश्न लिहून ठेवा, दोघी मिळून उत्तरं शोधू."

म्हणून हे लिहिणं. शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वरची रेघही मारत नाही, कोणाला वेळ आहे! हे नेहमी चिडवायचे — "रेघ नसली की तुझं 'घर' मी 'धर' वाचतो. काय धरू, सांग."

हल्ली चिडवत नाहीत. वाचताच येत नाही.

५ फेब्रुवारी

यांची नजर उतरत उतरत आता उजेड आणि सावली एवढीच उरलीय. तरी रोज एकटे खाली फिरायला जायचे. गेल्या महिन्यात परत आले आणि समोरच्या बाईंच्या कुलपात किल्ली घालत बसले. मजल्यावरची दारं सगळी सारखी, त्यांचा काय दोष? बाई आतून "चोर, चोर" म्हणून ओरडल्या. मागून माफी मागायला आल्या बिचाऱ्या. पण तेव्हापासून हे उंबऱ्याबाहेर नाहीत. मी सोबत येते म्हटलं तर — "मी काय पार्सल आहे, पोचवायला?" दिवसभर खुर्ची. जेवणही चिमणीएवढं.

सूनबाईला विचारलं, बोटाला कळतील अशी अक्षरं कापेल का तुझा सुतारपक्षी? दारावर लावायला?

"तो कापेल. मला जमलं पाहिजे."

७ फेब्रुवारी

आजचे प्रश्न. चोच सारखी बदलायची कशाला? — बारीक कामाला बारीक, ओबडधोबड कामाला जाड. लाकूड आवळून का बांधायचं? — हललं की अक्षर वाकडं. आणि पहिल्यांदा चोच वर उचलून नुसतीच हवेत फिरवली, लाकडाला न लावता! मी म्हटलं, हे काय, खेळ चाललाय? तर म्हणे रंगीत तालीम. चूक असली तर हवेत होऊ दे. मला फार आवडलं हे. माझं लग्न ठरवताना कोणाला सुचलं असतं तर!

नातू उठला, यंत्र बंद. त्याच्या झोपेवर आमचा कारखाना चालतो.

९ फेब्रुवारी

मोठा प्रश्न विचारला. ह्याला दिसतं का?

"काहीच नाही. डोळाच नाही त्याला, आई."

मग? तर सुरू केलं की आधी ते हळूहळू कोपऱ्यात जातं, तिथल्या खटक्याला टेकतं, टक्! की थांबतं. याला घरी जाणं म्हणतात. एकदा घर कळलं, की तिथून मोजत मोजत कुठेही जातं आणि चुकत नाही.

जेवताना यांना सांगितलं. "भारीच शहाणं आहे तुझं यंत्र," म्हणाले, तिरकस. मग भात कालवता कालवता — "खटका कसला असतो गं?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं.

११ फेब्रुवारी

हे भिंत धरून मागच्या खोलीत आले! आम्ही शून्य लावत होतो, म्हणजे चोच लाकडाला नेमकी कुठे टेकते ते यंत्राला सांगायचं. लाकडावर कागदाचा कपटा ठेवायचा, चोच केसाकेसाने खाली आणायची आणि कपटा सरकवत राहायचं. अडला की तिथे शून्य. आम्हा दोघींचं काही एकमत होईना. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही धरा."

यांनी धरला. "थांब. अडला."

तिने कापून पाहिलं. बरोबर निघालं. हे परत गेले, पण येताना धरली होती ती भिंत जाताना धरली नाही.

१४ फेब्रुवारी

फजिती. सूनबाईचा हट्ट, अक्षर माझंच हवं. मी कागदावर 'आपलं घर' लिहिलं, तिने फोटो काढून जसंच्या तसं यंत्रात घातलं. कापून झालं, बाजूचं लाकूड काढलं आणि बघते तर अ इकडे, काना तिकडे, प आणि ल पालथे. एकही अक्षर दुसऱ्याला धरून नाही. टिंब तर भुसा ओढणाऱ्या नळीत गेलं!

रेघच नव्हती ना. रेघ नाही तर अक्षरांना धरणार कोण?

एक तुकडा यांच्या हातात दिला. चाचपून म्हणाले, "ध?"

"घ आहे."

"सांगत होतो मी. आयुष्यभर सांगत होतो." आणि हसले. खुर्ची हलेपर्यंत हसले.

१६ फेब्रुवारी

आज रेघ मारली. दोन्ही शब्दांवर एकच लांब, टिंबही तिला टेकवलं. सगळं एकसंध निघालं, एका टोकाला धरून उचललं तरी सुटेना. कडा घासून गुळगुळीत केल्या. दाराला बाहेरून चिकटवलं, यांच्या बोटाच्या उंचीवर.

हाक मारली, या, हात लावून बघा. म्हणाले, "सुकू दे आधी."

१७ फेब्रुवारी

सुकलं. आले नाहीत.

१८ फेब्रुवारी

सूनबाई म्हणाली, "आई, विषय काढू नका. हवेत तालीम चालली असेल त्यांची." मी जीभ चावून बसले. फार अवघड काम.

२० फेब्रुवारी

दुपारी चहा टाकला, हाक मारली. खुर्ची रिकामी. चपला नाहीत, खुंटीला किल्ली नाही. तशीच जिन्याकडे धावणार होते. तेवढ्यात दारापलीकडे लाकडावर बोट सरकलं. रेघेवरून, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कडीला हात घातला होता. काढून घेतला.