न वाचलेलं प्रकरण

ता. कळमनुरी, ४ मार्च २००३

प्रिय जगन,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. तू तांड्याचा नायक झालास तरी तुझ्या बापाला अजून तुझी भीती वाटत नाही. निताबद्दलच लिहितोय. चार वर्षांपूर्वी तिनं धनगराच्या बजरंगशी लग्न केलं आणि तू सख्ख्या बहिणीला तांडा बंद केलास. आता तिच्या काविळीपुढे डॉक्टरांनी हात टेकलेत.

तुला तो अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर क्रेस्टन आठवतो? हिंगोलीच्या रद्दीत मिळालेलं त्याचं इंग्रजी चरित्र मी शाळेत शिकवून आल्यावर तुला मराठीत करून सांगायचो. आपले वाडवडील बैलांवर वाहायचे तसं तो लहानपणी खेचरांवर मीठ वाहायचा, म्हणून तो तुला आपल्यातलाच वाटायचा. पुढे वकील झाला, १९०८ साली निवडून आला, रेल्वे कंपन्यांना वठणीवर आणलं, खाणीतली लेकरं शाळेत बसवली. गव्हर्नर म्हणजे काय ते तुला कळेना, म्हणून मी सरळ ‘नायक’ म्हणून टाकलं. तिथंच चुकलो. फाशीच्या कैद्याची आई तीन दिवस त्याच्या पायरीवर बसली, तरी त्यानं माफी दिली नाही. तू टाळ्या वाजवल्यास आणि मी पुस्तक मिटलं.

पुढचं प्रकरण तुला कधी वाचून दाखवलं नाही. खरा खुनी नंतर सापडला. क्रेस्टन निवडणूक हरला आणि त्या म्हातारीच्या दारात जाऊन बसू लागला. तिनं मरेपर्यंत दार उघडलं नाही. लेकराला हे काहून सांगायचं, असं वाटलं मला. निताच्या लग्नावरून भरलेल्या नसाबीत सगळे पंच बसले होते, मी निताची बाजू घ्यायला उठलो, तेव्हा तू म्हणालास, “बा, नायकाचा शबूद फिरत न्हाई.” मी खाली बसलो. खरं सांगू? पोरगं कसं ठाम बोललं, असा अभिमानही वाटला मला. त्याची आज लाज वाटते.

निता एकच म्हणून राहिलीय, “बा, मला याडीला बघायचं हाय.” तुझ्या आईला मात्र यातलं काहीच माहीत नाही.

हे पत्र तांड्यातला कोंडीबा तुझ्या हातात देईल. बजरंगला आत यायची बंदी आहे, म्हणून त्यानं टेम्पो शिवेवरच्या लिंबाखाली उभा केलाय. मागे निता आहे, तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. याडीला घेऊन लगेच ये. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत.

तुझाच,
बा