दोन भागांत बांधलेली पुस्तकं

सिस्टर, यंदा मृतांच्या दिवशी तुमच्या कबरीवर मेणबत्ती लावायची राहून गेली. दरवर्षी आई-बाबांच्या कबरीवर फुलं वाहून झाली की मी तुमच्या ओळीत येते, गवतात उभी राहून तुमच्याशी थोडं बोलते. यंदा मात्र तिथून निघाले ती सरळ फाटकाबाहेर. का, ते तुम्हांला सांगायला हवं, कारण त्यात तुमचाही हात आहे.

आम्ही दोघी बहिणी तुम्हांला आठवत असू. एका घरातल्या, दोन वर्ग मागेपुढे, सारख्याच तेलकट वेण्यांच्या. शनिवारी शाळा सुटली की तुम्ही ग्रंथालयाच्या दाराशी किल्ल्यांची जुडी घेऊन उभ्या असायचात. "हात दाखवा. दोन्ही बाजू." हात स्वच्छ असले तरच पुस्तक, आणि एका घराला एकच. त्या एका पुस्तकावरून व्हरांड्यात आमची ओढाताण व्हायची. एकदा पुठ्ठा माझ्या हातात आला आणि पानं तिच्या. तुम्ही रागावला नाहीत. बाइंडरला बोलावलंत आणि त्या पुस्तकाचे मधोमध दोन भाग करून बांधायला सांगितलंत. तो म्हातारा पानं चाळत म्हणाला, "वाटण्या कशाला करता वो सिस्टर? जिमीन हाय का ती?" तुम्ही तुमच्या तुटक मराठीत म्हणालात, "घरात दोन मुली. भांडण नको." पुढे आमच्यासाठी काढलेली प्रत्येक जाड इंग्रजी कादंबरी त्याच्याकडून दोन होऊन आली. मोठी म्हणून मला पहिला भाग, धाकटीला दुसरा, पुढच्या शनिवारी अदलाबदल. हा नियम तुम्ही कधी मोडला नाहीत.

आणि निवडून द्यायचात त्या कादंबऱ्या तरी कसल्या? बहिणीबहिणींच्या हेव्यादाव्याच्या. वाचून आम्ही शहाण्या होऊ असं तुम्हांला वाटत असावं. मला ते स्वयंपाकघर दिसतं. आई भाकरी थापते आहे, मी चुलीजवळ पाटावर, ही दाराच्या उंबऱ्यावर. माझ्या भागात थोरली धाकटीची बाहुली तळ्यात फेकते, अबोला सुरू होतो, आणि वाक्य अर्धं असतानाच पानं संपतात. तिकडे उंबऱ्यावर ही खुदुखुदु हसते आहे. "काय गं, काय झालं?" "नाही सांगणार जा. तुझ्याकडे येईल तेव्हा वाच." आई म्हणते, "पुरे झालं तुमचं इंग्लंड. ताटं घ्या."

ते हसणं माझ्या केडगावच्या घरात अजून आहे. दुपारी भांडी घासून झाली, नळ बंद केला, की मागून उंबऱ्याकडून येतं. मी वळून पाहत नाही. घरात मी एकटीच असते. हसणारी जिवंत आहे, राहात्याला आहे, म्हणून तर जास्त भीती वाटते. गेलेल्यांसाठी प्रार्थना तरी करता येते.

आई शेवटी तिच्याकडे होती. शेवटच्या दिवशी धाकटी फोनवर म्हणाली, "आज नको येऊस ताई, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय. उद्या ये." दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा आईला पेटीत ठेवलं होतं. मी चार माणसांत बोलू नये ते बोलले, तीही बोलली. तेव्हापासून अबोला. मृतांच्या दिवशी ती पहाटेच येऊन जायची. मी जाईपर्यंत कबरीवर तिची शेवंती असायची आणि ओघळलेलं मेण अजून मऊ असायचं. तरी हे मिटणार, याची मला मनातून खात्री होती. कोण मिटवणार, कसं, याचा मी कधी विचार केला नाही. मी नुसती वाट पाहत राहिले.

यंदा मी लवकर निघाले आणि ती तिथंच होती. गुडघे धरून कबरीच्या कडेला बसलेली, केस सगळे पांढरे.

"बस," ती म्हणाली. "कबरीचा चुना ओला आहे, पदर सांभाळ."

मी बसले. तुमच्या ओळीकडे बघत म्हटलं, "सिस्टरांची पुस्तकं आठवतात?"

"न आठवायला काय झालं? मला कधी आवडली नाहीत ती."

"का गं? शेवटी किती गोड व्हायचं सगळं."

"शेवटी? माझ्याकडे गोड ते आधी यायचं. गळ्यात गळे घालून बसलेल्या असायच्या दोघी. मग पुढच्या आठवड्यात तुझा भाग आला की भांडायला लागायच्या, आणि तिथंच संपायच्या." थोडा वेळ ती वातीभोवती हाताचा आडोसा करून बसली. "कुठला भाग आधीचा ते कळायचं गं मला, एवढी काही खुळी नव्हते. पण मनात बसलं ते तसंच. आपलंही तसंच झालं की, ताई. गोड होतं ते होऊन गेलं."

इतकी वर्षं मी ज्या भागाची वाट पाहत होते, तो तिनं लहानपणीच वाचून परत केला होता. सिस्टर, एकदा तरी तिला पहिला भाग आधी द्यायचा होतात.

उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला. मी म्हटलं, "राहात्याला येऊ का?"

"बघू," ती म्हणाली.

तेवढंच घेऊन मी बाहेर पडले आणि तुमची मेणबत्ती पिशवीत राहिली.

आता नाताळ तोंडावर आला आहे. खरं सांगू? हा कागद मी तिला लिहायला काढला होता. तुम्हांला लिहिणं सोपं आहे, तुमच्या उत्तराची वाट पाहायची नसते. तिला लिहिलं आणि तिचं उत्तर आलं नाही, तर गोष्ट तिनं वाचली त्याच क्रमाने होती, हे मला मान्य करावं लागेल.