ओ-टो-राय-नो-लॅ-रिन-गॉ-लॉ-जिस्ट

१७ फेब्रुवारी २००८
आमच्या स्कारबरोच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मिलिंदराव यांचा फोन. पाडव्याच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांची ओळख मी करून द्यायची. पाहुण्या हॅमिल्टनच्या डॉ. दीपा नगरकर, ओटोरायनोलॅरिन्गॉलॉजिस्ट. मिलिंदराव म्हणाले, नुसतं डॉक्टर म्हणा. छे! सांस्कृतिक सचिवाची जागा रिकामी आहे. कमिटीला उच्चार ऐकू दे.

१८ फेब्रुवारी
फॅमिली डेची सुट्टी. शब्द तोडला. नऊ तुकडे. वॉशरूममध्ये सराव. बायको रश्मी बाहेरून म्हणाली, गुळण्या आटपा, मला जायचंय.

२ मार्च
पाठ झालं. आता अर्थ. इंजिनिअर माणूस पार्ट सुटे करून बघणारच. ओटो: आपोआप. रायनो: गेंडा. लॉजिस्ट: तज्ज्ञ. मधलं किरकोळ. म्हणजे बाई गेंड्यांच्या डॉक्टर! केवढा सन्मान मंडळाचा.
लेक ईशानी म्हणाली, "डॅड, रायनो मीन्स नोज. शी इज जस्ट ॲन इएनटी." इथल्या शाळांत पाया कच्चाच. रश्मी म्हणाली, फोन करून विचारा त्यांनाच. मग सरप्राइज काय राहिलं?

९ मार्च
कालपासून बर्फ. शोव्हल करताना सराव, एका फावड्याला एक तुकडा. 'गॉ'ला शेजारचे गोरे आजोबा धावत आले. त्यांना वाटलं माझ्या छातीत कळ आली. मला बसवून ड्राइव्हवे त्यांनीच साफ केला. शब्दात ताकद आहे.

१३ एप्रिल
काल कार्यक्रम. शब्द बिनचूक! तिसऱ्या तुकड्यापासून पब्लिकने टाळ्यांचा ठेका धरला. मग मी एकेक तुकडा समजावला. आसाममधून गेंडे यांच्याकडे आपोआप येतात, असंही म्हणालो. (हे ऐन वेळी सुचलं.) हॉलमध्ये हशा. ईशानी खुर्चीखाली काहीतरी शोधत होती.
डॉक्टरबाई उठल्या. म्हणाल्या, मी माणसांचे कान, नाक, घसा बघते, पण काही पेशंटची कातडी तशीच असते. विनयशील बाई. गेंड्यांवर बोलायचंच टाळलं.
नंतर रश्मी त्यांना कोपऱ्यात नेऊन बराच वेळ बोलली. हात जोडलेले दिसले. बहुधा माझ्या वतीने आभार. मग त्यांना घरी जेवायलाच घेऊन आली. तिथेही मी विषय काढला. रश्मीने मला ताक आणायला पाठवलं. तीनदा.

२० एप्रिल
मिलिंदरावांचा फोन. म्हटलं, सचिवपद आलं. मी थोडे आढेवेढे घेऊन हो म्हटलं. ते म्हणाले, अहो, वहिनींना द्या ना फोन.
रश्मी सचिव झाली. डॉक्टरबाईंनीच नाव सुचवलं म्हणे. पहिली मीटिंग आमच्याकडेच, आत्ता बेसमेंटमध्ये चालू आहे.
पोहे मी केले. मीठ राहिलं.