मुंबईहून आलेला कागद

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! सगळ्या टिकल्या माझ्याच कागदावर.

पद्धत मीच घालून दिलेली. टीममधल्या आम्ही चौघांनी अ‍ॅपचा आपापला स्क्रीन कागदावर काढायचा, नाव न घालता भिंतीला लावायचा, आवडेल त्यावर टिकली चिकटवायची. बोईसरच्या बाजारात ठिपक्यांचे स्टिकर मिळाले नाहीत, म्हणून कपाळाच्या टिकल्या – हिमानीची आयडिया. पण ती, धीरज आणि सपना, तिघंही माझं अक्षर ओळखतात आणि डोळे झाकून मत देतात. "ताई, तुमचंच भारी हाय." चूक कुणी काढत नाही. अरे, मी काय सत्यनारायणाचा प्रसाद वाटतेय, नको म्हटलं तर पाप लागायला!

काम साधं नाही. तारापूरच्या कारखान्यांत कधी वायू गळलाच, तर आसपासच्या गावांना फोनवर इशारा देणारं अ‍ॅप. वीस तारखेला जवळच्या नवापूर गावात सराव आहे. इशारा खोटा, माणसं खरी. लोक गोंधळले तर काम मुंबईच्या टीमकडे जाणार आणि आमची बोईसरची ऑफिसची खोली बंद. मुंबईहून आमच्या साहेबांचा, कमलाकांत सरांचा फोन आला. गोड आवाजात म्हणाले, "मेघाली, टेन्शन घेऊ नकोस." म्हणजे टेन्शन आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझा नकाशा सुंदर आहे. इथे तरी लिहू दे! वाऱ्याची दिशा दाखवणारे बाण, लाल-पिवळी वर्तुळं, नवापूरच्या पायवाटासुद्धा, खाली तीन बटणं. तरी काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही, आणि या तिघांना विचारून उपयोग नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्क्रीन दाखवायला नवापूरला धीरजच्या घरी गेलो. त्याची आई मंजुळाकाकी आणि शेजारच्या बायका ओटीवर बसलेल्या. काकींच्या हातात फोन दिला. "समजा, हा इशारा आला. आता काय कराल?"

काकींनी फोन लांब धरला, जवळ धरला. "लय चांगला हाय."

"पण कळलं काय?"

"आमच्या धीरजच्या म्याडमनी केलाय, चांगलाच असणार. तुमी आधी जेवून घ्या."

मग तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, आग्रहावर आग्रह. पोट तट्ट, हाती काही नाही. परतताना रिक्षात हसून हसून पुरेवाट झाली आमची. बोईसर आलं आणि माझं हसू गेलं. खरंच वायू गळला, तर या काकी अंगणात उभ्या राहून "लय चांगला हाय" म्हणत बसतील! प्रेमापोटी कुणी खरं बोलत नाही. ना गावात, ना माझ्या खोलीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

एक लबाडी सुचली आहे. माझाच नकाशा कॉम्प्युटरवर नव्यानं केला, रंग बदलले, अक्षरं छापील. उद्या सांगणार – हा मुंबईच्या टीमनं पाठवलाय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय तुटून पडले!

सपना वाणगावच्या आतल्या पाड्यावरून येते. "चालेल ताई" याच्या पलीकडे तिचा शब्द ऐकलेला नाही. आज उठून थेट भिंतीपाशी. "हे बघून पळायचं का घरात बसायचं? कुठं लिवलंय? आमची आय तर म्हणंल, रांगोळी हाय."

धीरज म्हणाला, "वारा कुठला ते आमाला दारात आल्यावर कळतं. त्याला फोन कशाला?" हिमानीनं तिन्ही बटणांवर काट मारली. घाबरलेला माणूस एकसुद्धा नीट दाबणार नाही म्हणे.

मी आपली "हो ना, हे मुंबईवाले!" म्हणत लिहून घेतेय. कान गरम झालेले. लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण खटकत होतं ते हेच!

मग चौघं एका कागदावर वाकलो. नकाशा गेला. पूर्ण स्क्रीनभर, तज्ज्ञांनी दिलेल्या सूचनेतलं एवढंच – घरात जा, दारं-खिडक्या लावा. आणि तेच बोलणारा एक आवाज. कुणाचा, यावर वादच झाला नाही.

कागद माझा होता हे सांगितलं नाही. पुन्हा गप्प झाले तर?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजुळाकाकींचा आवाज घेतला. आधी बातम्या वाचल्यासारख्या बोलल्या. मग धीरज म्हणाला, "आये, मी पावसात भिजतोय असं समज." झालं! खोली दणाणली. "ए, घरात जा! दार लाव आधी!" धीरज दचकून उभा राहिला. म्हणाला, हा आवाज आला की मी आजपण पळतो. मला तर त्या दोघांची दृष्टच काढावीशी वाटली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जमलं!! गावभर फोन वाजले, गावभर काकी ओरडल्या, माणसं आत आणि दारं बंद. कमलाकांत सर तेवढे रस्त्यात वही घेऊन उभे. एका बाईनं त्यांना दंडाला धरून घरात ओढलं. खोली राहिली आमची. सरांना सगळं समजावून सांगितलं ते सपनानं, न अडखळता. मी मागे उभी राहून रडत होते.

फार जीव जडलाय माझा या तिघांवर. पण त्यांना फसवून बोलतं केलं, ते टोचतंय. उद्या सांगून टाकते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. हिमानी चहा ओतत होती, तिचा हातसुद्धा थांबला नाही. सपना म्हणाली, "आमाला तवाच कळलेलं, ताई. धीरजच्या घरामागची पायवाट मुंबईवाले कशाला काढतील?"

मग एवढं बोललात कसं माझ्या तोंडावर?

"तुमी आमच्याशी कदी खोटं बोलत नाय. त्या दिवशी बोललात, म्हणजे तुमाला खरंच ऐकायचं होतं."