पान एक्केचाळीस

मंगळवार, १२ तारीख, दुपार

प्रिय आत्या,

नमस्कार. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करतेय, ओळ संपायच्या आत गिऱ्हाईक येतं. घरी सगळे बरे. बाबांची पाठ दुखते, पण डॉक्टरकडे जात नाहीत. तुझाच भाऊ तो.

तुझ्या अहवालाच्या पन्नास प्रती छापून झाल्या. बाइंडिंग मात्र मी केलेलं नाही. मालक म्हणाले, "काय गं, मशीन बिघडलं का?" म्हटलं, "नाही, मीच बिघडलेय." ते हसले.

छापता छापता वाचला मी तो. बारा वर्षं तू शाळाशाळांतून फिरतेस, मुलं आणि शिक्षक आतून कसे आहेत ते विचारतेस. मला अभिमान आहे तुझा, खरंच. पण पान एक्केचाळीसवर आमची शाळा आहे. पाहणीच्या पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत मुलांचा आनंद वाढला, असं लिहिलंयस. खाली बारीक अक्षरात, मधेच शाळा सोडलेल्यांची उत्तरं धरलेली नाहीत.

म्हणजे मी गेले आणि शाळा सुखी झाली. वा!

आत्या, डोकं दुखायचं म्हणून शाळा नाही सोडली मी. ते घरी सांगायला होतं.

पहिल्या फेरीला आमच्या वर्गात येऊन तू म्हणालीस, नाव लिहू नका, मनातलं लिहा. आणि बाहेर गेलीस. बाईंनी कागद गोळा केले ते वह्या करतात तसेच, हजेरीच्या नंबराने. 'शाळेत यावंसं वाटतं का' याला मी 'कधीच नाही'वर खूण केली होती. बाईंनी चाळता चाळता तेविसावा, म्हणजे माझा, वर काढला. "राणीसरकारांना काय कमी पडतंय इथे?" अख्खा वर्ग हसला. तेवढ्यात तू आत आलीस. हसरा वर्ग बघून तूही हसलीस.

मग रोज 'राणीसरकार'. दीड महिना काढला मी.

बाईंवर राग नाही. शिक्षकांचा कागद भरताना मुख्याध्यापक त्यांच्या खांद्यावरून बघत होते. 'समाधानी'वर खूण करताना बाईंनी पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तुझ्याकडे असेल तो, काढून बघ.

शुक्रवारी तू या अहवालावर एवढ्या लोकांसमोर बोलणार. त्याआधी ते पान बदल. माझं उत्तर धर. कागद कसे गोळा झाले तेही लिही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नवीन पान पाठवलंस, तर पन्नासच्या पन्नास बांधून देईन, एक कोपरा वाकडा दिसणार नाही. नाहीतर सुटी पानंच घेऊन जा. मालक ओरडले तर ओरडू देत.

तू समोर असतीस तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. म्हणून लिहिलं. आता खोडणार नाही.

आईनं केस कापले, मानेपर्यंत. दोन दिवस झाले, बाबांना अजून पत्ता नाही.

उत्तर मागणारी,
तुझी भाची