ब्लँकची बाटली

१२ ऑगस्ट
आज सँपलिंग. क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातलं ते वर्षानुवर्षं नष्ट न होणारं केमिकल आमचा कोळशाचा गाळणी-कॉलम खरंच काढतो का, हे आजच्या बाटल्या सांगणार. आमच्या प्लांटचं सँपलिंग सांभाळणारी रश्मी रिसालीहून लॅबची पेटी घेऊन आली. नियम तिनंच शिकवलेला: सँपलिंगच्या दिवशी क्रीम नाही, रेनकोट नाही. त्यातही तेच केमिकल असतं, बाटलीत उतरतं.
आणि तिच्या डोळ्यांत काजळ! मी दुर्गहून आणून दिलेलं, पाण्यानं न पुसणारं. बोललो नाही. दिवसभर हवेत.

२९ ऑगस्ट
रिपोर्ट आला. ब्लँक खराब. लॅबचंच शुद्ध पाणी, इथं फक्त उघडून बंद केलेलं, त्यातही केमिकल. म्हणजे सगळ्या बाटल्या रद्द. प्लांटच्या सरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, पर्मनंट व्हायचं आहे की नाही? माझा आवाज चढला. तिनं मलेच गप्प केलं.

३० ऑगस्ट
काजळच असेल? एवढंसं? मोबाइलवर वाचून राहिलो. न पुसणाऱ्या काजळातही ते असतं म्हणतात.
सरांना सांगून आलो, त्या दिवशी भुरभुर होती, मी रेनकोट घालून पेटीला चिकटून उभा होतो. साफ खोटं. सर हसले. "कॉलेज तो पूरा हुआ नहीं, नियम क्या निभाओगे?" हात त्यांच्या कॉलरकडे निघाला होता, खिशात कोंबला. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

१ सप्टें.
रश्मीचा फोन. वाटलं, रडेल.
"तुले कोनं सांगितलं होतं हीरो बनाले? माही चूक मी सांगतो. काजळ लावलं होतं, बस. कोनासाठी लावलं, ते सरले काय करायचं?"
फोन ठेवला तिनं.

५ सप्टें.
तिनं खरंच सांगितलं. सर म्हणाले, अजून एकदा सँपलिंग, मग नोकरीचं बघू. आज झालं. मी गेटबाहेर, चहाच्या टपरीवर. ती आत जाताना दिसली, डोळ्यांत काजळ नाही. पेटी लॅबला गेली.
ब्लँक साफ निघाली तर दोष काजळाचा, म्हणजे तिचा. खराब निघाली तर बाटल्यांचा नाहीतर लॅबचा, ती सुटली. पण मग कॉलम चालतो की नाही, कोणालेच कळणार नाही. पाणी तसंच नाल्यात. नाल्याकाठी बोअर आहेत, लोक पितात.
सगळं समजतं मले. तरी सकाळपासून मनात एकच, ब्लँक खराब निघू दे, खराबच.